यंत्र बदलले, अक्षरे हरवली : मराठीच्या संगणकीय स्थलांतरांचा इतिहास

१/ पुण्याच्या पेशवे दफ्तरातला कागद प्रथमच हाती घेणाऱ्याला एक विचित्र अनुभव येतो. कागद शाबूत, शाई शाबूत, भाषा आपलीच. तरीही वाचता येत नाही, कारण लिपी मोडी. संगणकावरील मराठीवर हाच प्रसंग गेल्या चाळीस वर्षांत आला. त्याचे कारण होते ऑपरेटिंग सिस्टीमचे बदल. आजचा धागा त्या स्थलांतरांविषयी.

२/ ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यामधला कारभारी. कोणती कळ दाबली, तिचा अर्थ काय, पडद्यावर काय उमटवायचे, यावर त्याची हुकमत चालते. इंग्रजी लिहिणाऱ्याने कारभारी बदलला, तर त्याला नव्या सवयी लावून घ्याव्या लागत. मराठी लिहिणाऱ्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न असे : आपले जुने लिखाण उरणार की नाही?

३/ १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि त्याबरोबर डॉस आले. डॉसचा पडदा समान आकाराच्या चौकोनांत विभागलेला असे. एका चौकोनात एक रोमन अक्षर. उच्चारात मागून येणारी पण लिहिताना आधी काढावी लागणारी ऱ्हस्व वेलांटी, डोक्यावर बसणारा रफार, एकमेकांत गुंतलेली जोडाक्षरे यांना त्या चौकोनांत जागाच नव्हती.

४/ यावर उत्तर देशातच शोधले गेले. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानावर काम सुरू होते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली ते काम तेथे पुढे गेले. त्यातून ‘जिस्ट कार्ड’ आले. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की डॉसवर देवनागरी अवतरत असे.

५/ जिस्टचे खरे मोल पडद्यामागे होते. त्यात अक्षरे आकारानुसार नव्हे, तर उच्चाराच्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी; पडद्यावर वेलांटी पुढे नेण्याचे काम यंत्राचे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच सांकेतिक सारणी पुरे. ‘इस्की’ नावाच्या या सारणीला १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मान्यता दिली.

६/ कळफलकाचेही तसेच. १९८६ मध्ये ठरलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. रचना तर्कशुद्ध खरी. पण टंकलेखन यंत्रावर बोटे घडलेल्या माणसाला ती नव्याने शिकावी लागे. ज्याची नोकरीच मिनिटाला तीस शब्दांच्या वेगावर अवलंबून होती, त्याच्या दृष्टीने हा पोटापाण्याचा प्रश्न होता.

७/ मग १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि दुसरे स्थलांतर जोरात सुरू झाले. माऊस, खिडक्या, हव्या त्या आकाराची वळणदार अक्षरे! छापखान्यांना आणि डीटीपी केंद्रांना हेच हवे होते. अडचण एकच : विंडोजला देवनागरी ठाऊक नव्हती. तिला फक्त रोमन अक्षरे कळत.

८/ फॉन्ट बनवणाऱ्यांनी यावर युक्ती काढली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवले. ‘कृतिदेव’ फॉन्टचे उदाहरण घ्या. त्यात ‘मराठी’ हा शब्द फायलीत ‘ई, जे, के, मोठा बी, एच’ या रोमन अक्षरांच्या ओळीने साठवला जाई. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन मुळाक्षरे होती.

९/ येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. दिसायला मागासलेले डॉस जिस्टच्या आधाराने मराठी अक्षरे ओळखत होते. दिसायला पुढारलेले विंडोज फक्त त्यांची चित्रे काढत होते. मराठीचा चेहरा उजळला, पण स्मरणशक्ती गेली. शब्द शोधणे, नावे अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे ही साधी कामेही त्यामुळे दुष्कर झाली.

१०/ शिवाय प्रत्येक घराण्याची सारणी निराळी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव : एकच शब्द चार घरी चार प्रकारे साठवलेला. एका यंत्रावर लिहिलेला लेख दुसऱ्यावर उघडावा, तो फॉन्ट तेथे नसावा आणि पानभर रोमन अक्षरांचा सडा दिसावा, हा अनुभव त्या काळात मराठी लिहिणाऱ्यांच्या परिचयाचा होता.

११/ मग लोकांनी हा मार्ग पत्करलाच का? त्यांना दोष देणे सोपे, पण अन्यायाचे आहे. त्यांचे लक्ष्य कागद होते. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पाठ्यपुस्तक छापून झाले की काम संपले. फाईल ही छपाईची एक पायरी मानली जाई. तीच पुढे मूळ दस्तऐवज ठरेल, असे मानण्याचे कारण तेव्हा नव्हते.

१२/ तिसऱ्या स्थलांतराची बीजे मात्र आधीच पडली होती. जगातील सर्व लिप्यांना एका सारणीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवर आधारलेली होती. डॉसच्या काळातला उच्चारक्रमाचा विचार असा जागतिक मानकात शिरला.

१३/ विंडोज २००० मध्ये प्रथमच देवनागरी मुळातून आली. तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट होता. त्याचे रचनाकार र. कृ. जोशी, सुलेखनकार, अक्षररचनाकार आणि मराठी कवी. सरकारी पत्रांपासून ब्लॉगपर्यंत अनेक वर्षे युनिकोड मराठीचा चेहरा म्हणजे जोशींचे हे वळण होते.

१४/ तरीही वाट सुकर नव्हती. विंडोज एक्सपीत ही सोय असूनही बंद असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या खिडकीत खूण करावी लागे आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. ज्याच्याकडे ती नसे, त्याला चौकोन किंवा भलतीकडे पडलेल्या वेलांट्या पाहाव्या लागत. २००७ च्या व्हिस्टापासून ही अट गेली.

१५/ लिनक्सकडे वळलेल्यांचा अनुभव वेगळा होता. तेथेही आरंभी अक्षरे मोडत, पण मोडलेले दुरुस्त करण्याची मुभा होती. ‘पँगो’ या प्रणालीमुळे जोडाक्षरे जुळू लागली. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. मराठी विकिपीडियाही याच संक्रमणकाळातला, २००३ चा.

१६/ युनिकोडमध्येही मराठीला आपली जागा मागावी लागली. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. तोपर्यंत ‘अ’वर अर्धचंद्र चढवून काम भागे. त्यामुळे आजही ‘ॲ’ दोन प्रकारे साठवलेला सापडतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण साधा शोध एका प्रकाराला दुसरा समजत नाही.

१७/ आता जुन्या फायलींचे काय? इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणणे तुलनेने सोपे, कारण दोहोंचा क्रम सारखा. फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर सोडवणे कठीण. ‘धर्म’मधला रफार म नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये तो र होऊन म च्या आधी यावा लागतो. वेलांटीचे नेमके उलटे. प्रत्येक फॉन्टला वेगळी सारणी आणि शेवटी माणसाचे मुद्रितशोधन.

१८/ येथे मोडीशी तुलना अपुरी पडते. मोडी कागदावर निदान अक्षराचा आकार असतो. जाणकार तो शिकवू शकतो. जुन्या फायलीत आकार नसतो, केवळ आकडे असतात. आकार फॉन्टमध्ये राहतो. फॉन्ट हरवला की वाचण्याची किल्लीच हरवते.

१९/ २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांची लिपी आज प्रमाणित सारणीत आहे. १९९८ सालच्या एखाद्या स्मरणिकेची फाईल मात्र नाही. दस्तऐवजाचे वय आणि त्याची सुरक्षितता यांचा संबंध आपण मानतो तितका सरळ नसतो.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक काम उचलावे. आजोबांच्या आठवणी, गावच्या मंडळाचे अहवाल, वाचनालयाच्या याद्या अजून जुन्या सीडींवर पडून असतील. फाईल जपा आणि तिच्यासोबत फॉन्टही जपा. निदान फॉन्टचे नाव लिहून ठेवा. मोडीच्या जाणकारांनी कागदांबरोबर लिपीही सांभाळली, म्हणून ते कागद आज बोलतात.

(धागा समाप्त. अशा फायली तुमच्या घरी असतील, तर कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते खाली अवश्य लिहा.)