जुनी डिझेल गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही : दोष कसा शोधायचा?

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) एमएच-२० पासिंगच्या जुन्या स्विफ्ट डिझायर, इंडिका, बोलेरो, इनोव्हा अशा गाड्यांवर अनेक घरांचा कारभार चालतो. कोणी वाळूजला कामावर जातं, कोणी भाडं मारतं. रात्री-अपरात्री घाटीत पेशंट न्यायची वेळ आली तर शेजारीही हीच गाडी मागतात. अशी गाडी नऊ वेळा एका चावीत सुरू होते आणि दहाव्या वेळी नाही, तेव्हा घरच्यांचा तिच्यावरचा भरवसाच जातो. त्यात गॅरेजमध्ये नेली की नेमकी लगेच सुरू होते. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. आधी बॅटरी, मग सेल्फ, मग नोझल. पैसा जातो आणि दोष तिथंच राहतो.

अधूनमधून येणारा दोष कधी येतो, यातच त्याचं अर्धं उत्तर असतं. म्हणून पार्ट बदलण्याआधी पुढच्या पायऱ्या क्रमाने तपासा.

१. आधी वहीत नोंद करा

गाडी सुरू झाली नाही की दर वेळी एवढं लिहा : वेळ कोणती होती, इंजिन थंड होतं की गरम, गाडी किती तास उभी होती, उतारावर होती का, टाकीत डिझेल किती होतं, पाऊस किंवा धुलाई झाली होती का, मीटरवर कोणता दिवा लागला, सायलेन्सरमधून धूर आला का. पाच-सहा नोंदी झाल्या की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागते. मिस्त्रीला ही वही दाखवली तर त्याचा वेळ वाचतो, तुमचा खर्चही.

२. सेल्फ फिरतो की नाही?

सगळी तपासणी या एका प्रश्नावर दोन वाटांना जाते.

सेल्फ फिरतच नाही, फक्त ‘टक्’ आवाज येतो किंवा रडत रडत फिरतो, तर दोष बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये आहे. तिथं डिझेलकडे बघायचं कारण नाही.

सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर दोष डिझेल, हीटर प्लग किंवा सेन्सरकडे आहे. अशा वेळी बॅटरी बदलून काही होणार नाही.

३. सेल्फ फिरत नसेल तर

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा १६ ते २२ पट दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. पेट्रोल इंजिनात हा दाब १० पटींच्या आसपास असतो. म्हणूनच डिझेल गाडीच्या सेल्फला जास्त ताकद लागते आणि कमजोर बॅटरी तिथं लगेच उघडी पडते.

साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ किंवा त्याखाली असेल तर ती उतरली आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. त्याहून कमी असेल तर आल्टरनेटर नीट चार्ज करत नाही आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.

बॅटरी ठीक असूनही सेल्फ अडत असेल तर टर्मिनल काढून घासा. मग इंजिनला जाणारी जाड अर्थिंग केबल बघा. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. हे काम थोडक्या पैशांत होतं, पण ते न केल्यामुळे चांगले सेल्फ बदलले जातात.

केबल चांगली आणि तरी कधी ‘टक्’, कधी सुरू, असं होत असेल तर सेल्फचे कार्बन आणि सोलेनॉइडचे पॉइंट झिजलेले असू शकतात. विशेषतः लांबून आल्यावर गरम इंजिनातच हा त्रास होत असेल तर संशय सेल्फवर जास्त.

४. सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही : धूर बघा

कोणाला तरी मागे उभं करा आणि सेल्फ मारा. पांढरा धूर आला तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. धूर अजिबात नसेल तर बहुतेक वेळा डिझेलच पोचत नाही. यानंतर वहीतल्या नोंदी कामाला येतात.

*फक्त थंडीत, सकाळी त्रास :* डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. फजरच्या वेळी गाडी पांढरा धूर सोडत, थरथरत सुरू होत असेल तर हीटर प्लग तपासा. प्लगची वायर काढून मीटरने रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण १ ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग जळालेला आहे. मात्र मे महिन्यातही हाच त्रास असेल तर एकट्या हीटर प्लगला दोष देऊ नका. तेवढ्या उन्हाळ्यात कॉमन रेल इंजिन बहुधा प्लगशिवायही सुरू होतं.

*रात्रभर किंवा दोन दिवस उभी राहिल्यावर त्रास :* पाइप, फिल्टरचं सील किंवा प्रायमरमधून लाइन हवा घेत असेल तर डिझेल हळूहळू टाकीकडे परत जातं. खाली थेंबही दिसत नाही, कारण डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. हातपंप असलेल्या गाडीत सकाळी तो दाबून बघा. पंप पोकळ लागला आणि घट्ट होईपर्यंत दाबल्यावर गाडी एका चावीत सुरू झाली, तर हवा येते हे जवळपास नक्की. फिल्टरनंतर तात्पुरता पारदर्शक पाइप लावला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

*पावसाळ्यात त्रास :* फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. पाण्याचा दिवा मीटरवर लागत असेल तर ते टाळू नका. पाण्याने पंप आणि नोझल दोन्ही खराब होतात.

*फक्त गरम इंजिनात त्रास, थंड झाल्यावर ठीक :* इथं दोन संशयित आहेत. पहिला क्रँक सेन्सर. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा हलतो. तो शून्यावरच राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर बघा. दुसरा संशयित झिजलेले नोझल. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या नोझलमधून जास्त परत जातं. त्यामुळे रेलमध्ये दाब जमत नाही. कॉमन रेल इंजिन सुरू व्हायला बहुतेक गाड्यांत २०० बारच्या आसपास दाब लागतो. चारही नोझलच्या रिटर्न पाइपला छोट्या बाटल्या लावल्या की कोणता नोझल जास्त डिझेल परत सोडतो ते दिसतं. ही चाचणी न करता चारही नोझल बदलायला होकार देऊ नका.

*वेळेचा काहीच नियम नाही :* मीटरवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा. नाहीतर रिले, फ्यूज आणि सैल कनेक्टर तपासा. १९९८ साली आलेल्या इंडिकाच्या १४०५ सीसी इंजिनासारख्या जुन्या पंपाच्या गाड्यांत डिझेल चालू-बंद करणारा सोलेनॉइड आणि त्याची वायरही बघावी.

५. स्कॅनर

कोड काढून घ्या, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी ०३३५ क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे, पी ००८७ कमी रेल दाबाकडे, पी ०३८० हीटर प्लगच्या सर्किटकडे बोट दाखवतो. सेन्सर चांगला आणि वायर तुटलेली, असंही असतं. सेल्फ मारताना रेलचा दाब किती जमतो हा आकडा स्कॅनरवर जरूर बघायला सांगा.

६. हे करू नका

- कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना नोझलचा पाइप ढिला करू नका, करूही देऊ नका. जुन्या पंपाच्या गाड्यांची ही सवय इथं जिवावर बेतू शकते. टायरमध्ये हवा साधारण २ बार असते, इथं दाब १००० बारच्या वर जातो. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. असं झालं तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा.
- हीटर प्लगच्या गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारू नका. गरम प्लगवर तो अवेळी पेटून इंजिन फुटू शकतं.
- एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.

७. जुनी गाडी घेताना

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बोनेटवर हात ठेवा. इंजिन गरम लागलं तर विकणाऱ्याने ती आधीच चालू करून ठेवली असेल. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा येतो म्हणा. थंड सुरू करून बघा, अर्धा-पाऊण तास चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. थंड आणि गरम दोन्ही वेळा एका चावीत सुरू झाली, तरच पुढचं बोलणं करा. आणि गॅरेजमध्ये पार्ट बदलायचा झाला तर एकच विचारा : हा पार्ट खराब आहे हे कोणत्या तपासणीत दिसलं? काढलेला जुना पार्टही मागून घ्या.