परकोट कुणासाठी बांधला?



मुक्तागिरीच्या बावन्न मंदिरांची माहिती आपल्यापैकी कुणालाही विचारा, अर्धा तास सांगेल. पण अमरावतीच्या परकोटाला दरवाजे किती, असं मी आमच्या मंडळात विचारलं तर दोनच नावं आली, जवाहर गेट आणि अंबागेट. तीही ऑटोवाल्याला सांगावी लागतात म्हणून. मग यंदा माघात आम्ही चौदा जणींनी परकोटाची पायी फेरी ठरवली. पावसाळ्यात त्या दगडांवर इतकं शेवाळ आणि गवत माजतं की पाऊल टाकायला मन होत नाही, म्हणून थंडीच बरी. नवकारसी करून, उकळलेलं पाणी बरोबर घेऊन निघालो. दाखवायला इतिहासाचे एक निवृत्त सर होते.

परकोटाचा वेढा सव्वादोन मैलांचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरच्या आसपास. उंची वीस ते सव्वीस फूट. दरवाजे पाच: अंबा, भुसारी, नागपुरी, महाजनपुरी आणि खोलापुरी. यातलं भुसारी गेट म्हणजेच आजचं जवाहर गेट. शिवाय चार खिडक्या: पटेल, माता, छत्रपुरी आणि खुनारी. खिडकी म्हणजे हवा यायची नव्हे, माणसांच्या येण्याजाण्याचं लहान दार. बैलगाड्यांना, लादलेल्या बैलांना मोठा दरवाजा आणि पायी माणसाला खिडकी. आमच्यातली एक जण म्हणाली, "म्हणजे आपल्या वाड्याच्या दारातली दिंडीच की!" तसंच काहीसं.

हे सगळं बांधलं कशाला? १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड इंग्रजांनी घेतला आणि देवगावच्या तहानंतर वऱ्हाड निजामाकडे गेलं. राज्य बदललं, पण रस्त्यांवर कुणाचाच धाक राहिला नाही. पेंढारी अमरावतीवर आले, तेव्हा इथल्या सावकार-व्यापाऱ्यांनी चितू पेंढाऱ्याला सात लाख रुपये देऊन गाव वाचवलं, असं सांगतात. पुढे १८०७ मध्ये निजाम सरकारने या व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी परकोटाचं काम सुरू केलं. वऱ्हाडातल्या पेठांना ही भीती नवी नव्हती. आपलं कारंजा घ्या. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटलं ते तिथल्या पेठेच्या श्रीमंतीमुळेच. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ, पोहा या कारंज्याच्या वेशींखालून दर्शनाला जाताना आपण मान वर करूनही बघत नाही.

माझं माहेर अकोल्याचं. तिथला असदगड वेगळ्या कुळातला. औरंगजेबाचा वजीर असदखान याची ती जहागीर, आणि त्याच्या वतीने ख्वाजा अब्दुल लतीफने १६९७ च्या सुमारास तट उभा केला. दहीहांडा वेस, अगरवेस ही नावं आमच्या तोंडी रोजची होती. अकोल्याचा तट सत्तेचा होता. अमरावतीचा परकोट मात्र तिजोऱ्यांसाठी होता, आणि त्या तिजोऱ्या आपल्यासारख्याच घरांतल्या. अपरिग्रहावर प्रवचनं ऐकणाऱ्या आपण बायका. परिग्रह दगडात मोजता येतो हे मला त्या सव्वीस फुटांखाली उभं राहून कळलं.

खुनारी खिडकीपाशी सगळ्या गप्प झाल्या. १८१८ साली इथे झालेल्या मारामारीत सातशे माणसं मेली, अशी जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे. एवढा तट बांधून आतली माणसं सुरक्षित राहिली म्हणावं, तर मध्येच ही खिडकी. आम्ही तिथे नऊ वेळा णमोकार म्हटला. सर थोडे लांब जाऊन थांबले.

अंबागेटच्या बाहेर अंबादेवी. या देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. गावाचे दरवाजे तोवर रात्रंदिवस उघडे झाले होते. देवाचं दार मात्र बंद.

परकोटाचं काम कधी संपलं म्हणाल, तर पैसा बाहेर पडला तेव्हा. १८४२ मध्ये एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल लादून कापूस कलकत्त्याला पाठवला, असं सांगतात. एवढा माल या दरवाजांनी पाहिला. मग १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, रेल्वे आली, कचेऱ्या कॅम्पकडे झाल्या, कापूस बाजारही तटाबाहेर गेला. मागोमाग पैसेवाले बंगले बांधून गेले. ज्यांच्यासाठी भिंत बांधली त्यांनीच आधी तिच्याकडे पाठ केली, असं मला स्पष्ट वाटतं. आता तिला टेकून पत्र्याच्या शेड, न्हाण्या, गोदामं आहेत. दोन ठिकाणी तर आम्हाला भिंत दिसलीच नाही, सरांनी बोटाने दाखवली तेव्हा विश्वास ठेवला.

आमच्यातल्या एका काकूंच्या घरात मात्र सगळ्या आत गेलो. त्यांच्या स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे परकोटच. त्यात खिळे ठोकून झारे-पळ्या टांगलेल्या, खाली माठ. "उन्हाळ्यात इथं कुलर लागत नाही," काकू म्हणाल्या, "हात लावून पाह्य." खरंच गार होती. मुलाला मात्र तिथे स्कूटर लावायला जागा करायची आहे, मिस्त्री येऊन दगड बघून गेला आहे. सरांनी विचारलं, घराच्या कागदावर ही भिंत तुमची लिहिली आहे का? काकूंना माहीत नव्हतं. आम्ही सगळ्या तिथेच बसलो, पत्र्याचा डबा काढला, जुने कागद पसरले. हद्दीच्या रकान्यात पूर्वेला शेजाऱ्याचं नाव होतं, उत्तरेला गल्ली, आणि पश्चिमेला एवढंच: परकोट.

मिस्त्रीला काकूंनी होळीनंतर ये म्हणून सांगितलं आहे. तोवर मुलाला ते कागद वाचायला दिलेत.