मुंबईची पेटी

एखाद्या जुन्या घराच्या कपाटांत लहानशी पेटी सांपडते. झांकण उघडतांच चंदनाचा मंद वास येतो. वर पाहावें तो पांढऱ्या, हिरव्या, काळ्या, तांबड्या कणांची दाट नक्षी. एकोणिसाव्या शतकांत विलायतेस परतणारे साहेब आप्तेष्टांकरितां ज्या भेटी नेत, त्यांत हिचा मान मोठा होता. ते तिला ‘मुंबईची पेटी’ म्हणत. या कामाचें मूळ नांव सादेली.

नांव मुंबईचें, पण कुळ दूरचें. ही कला इराणांतील शिराझहून सिंधमार्गें सुरतेस व मुंबईस आली असें सामान्यतः मानितात. सुरतेच्या पारशी कारागिरांनीं ती इतकी आपलीशी केली कीं, ‘पेटिगरा’ हें त्यांच्यांत आडनांवच झालें. १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांतही या पेट्या झळकल्या.

प्रत्येक कण चिमट्यानें उचलून बसविला असावा, असें पाहणारास वाटतें. आमचीही फार दिवस हीच समजूत होती. ती चुकीची आहे. हस्तिदंत, सांबराचें शिंग, अबनूस, पतंगाचें तांबडें लांकूड व कथील यांच्या लांबट, बहुधा त्रिकोणी, काड्या कानशीनें घांसून तयार करीत. कांहीं हस्तिदंत हिरवा रंगवीत. त्या हव्या त्या क्रमानें जुळवून सरसानें चिकटवावयाच्या, दोऱ्यानें घट्ट आवळावयाच्या, आणि वाळल्या कीं झाली एक कांडी. नक्षी तिच्या आंत आरपार उभी! मग बारीक दातांच्या करवतीनें आडवे काप घ्यावयाचे. प्रत्येक कापांत तेंच फूल. अळूवडीचा उंडा कापतांना आपण जें पाहतों तेंच हें. उपमा घरगुती वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. हे काप पेटीच्या अंगावर चिकटवून, घांसून, झिलई देत. म्हणजे खरी परीक्षा काड्या घांसतांनाच होई. एका काडीचा कोन किंचित् चुकला तरी ती चूक त्या कांडीच्या प्रत्येक कापांत उमटे.

एक गोष्ट सांगूं नये असें वाटतें, पण सांगितलीच पाहिजे. नक्षींतील तो पांढरा रंग हत्तीच्या दांताचा. भारतांत १९८६ सालीं देशी हस्तिदंताचा व १९९१ सालीं आयात हस्तिदंताचाही व्यापार कायद्यानें बंद झाला. आम्हांस तो कायदा योग्यच वाटतो. मुक्या जिवाहून पेटी मोठी नव्हे. सुरतेंत उरलेले थोडे कारागीर आतां पांढऱ्यासाठीं प्लास्टिक वापरतात. जुन्या पेटीशेजारीं नवी ठेविली तर तिची पांढराई डोळ्यांस थोडी खुपते खरी, पण तिच्यापायीं कोणाचा जीव गेलेला नसतो.

हवा कोरडी झाली कीं आंतलें लांकूड आकसतें आणि वरचे काप सुटूं लागतात. आमच्या पाहण्यांतील एका पेटीच्या कोपऱ्यावरचे तीन काप असेच गळाले आहेत. घरच्या मंडळींनीं ते कागदाच्या पुडींत बांधून पेटींतच जपून ठेविले आहेत. बसवून देणारा माणूस त्यांस अद्याप मिळालेला नाहीं.