शिवाजी पार्क, दादर

शिवाजी पार्क (अधिकृत नाव : छत्रपती शिवाजी महाराज पार्क) हे मुंबई शहराच्या दादर भागातील एक सार्वजनिक मैदान आहे. सुमारे २८ एकर क्षेत्रफळाच्या या मैदानाची मालकी व देखभाल बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे. क्रिकेटपटू घडविणारे मैदान आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीपासूनच्या मोठ्या राजकीय सभांचे ठिकाण म्हणून ते महाराष्ट्रभर परिचित आहे. परिसरातील रहिवाशांच्या दृष्टीने मात्र ते प्रथमतः रोज फिरण्याचे, खेळण्याचे आणि कट्ट्यावर बसण्याचे ठिकाण होय. या दोन उपयोगांतील ताण हा मैदानाच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग असून, न्यायालयापर्यंत गेलेले त्याचे वाद मुंबईतील मोकळ्या जागांच्या प्रश्नाच्या संदर्भात अभ्यासले जातात. मैदानाभोवतीची वस्तीही 'शिवाजी पार्क' याच नावाने ओळखली जाते.

इतिहास

इ.स. १८९६ च्या प्लेगच्या साथीनंतर मुंबईतील दाट व कोंदट वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यातून १८९८ साली मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. शहराच्या तत्कालीन उत्तर सीमेकडील दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रुंद रस्ते, हवा-उजेड असणाऱ्या इमारती आणि मधोमध राखलेल्या मोकळ्या जागा अशी आखणी तिने केली. वस्तीच्या आराखड्यातच बाग किंवा मैदान असले पाहिजे हा विचार या काळात मुंबईत रुजला. दादर-माहीमच्या किनारपट्टीवरील आजची वस्ती याच विचारातून, प्रामुख्याने १९३० व १९४० च्या दशकांत उभी राहिली.

मैदान त्याआधीच अस्तित्वात आले होते. १९२५ साली मुंबई महानगरपालिकेने ते लोकांसाठी खुले केले, तेव्हा त्याचे नाव 'माहीम पार्क' असे होते. १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याचे 'शिवाजी पार्क' असे नामकरण झाले. इ.स. १६२७ हे शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष त्या काळी अनेकजण मानत व त्यानुसार १९२७ हे त्रिशताब्दीचे वर्ष मानले गेले. अवंतिकाबाई गोखले या स्वातंत्र्य चळवळीतील कार्यकर्त्या व महात्मा गांधींच्या आरंभीच्या मराठी चरित्राच्या लेखिका म्हणूनही परिचित आहेत. २०२० साली मैदानाच्या अधिकृत नावात 'छत्रपती' व 'महाराज' या शब्दांची भर घालण्यात आली. बोलण्यात मात्र 'शिवाजी पार्क' किंवा नुसतेच 'पार्क' हे नाव कायम आहे.

स्थान व रचना

मैदानाच्या पश्चिमेस स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग (पूर्वीचा कॅडेल रोड) असून त्यापलीकडे दादर-माहीमचा समुद्रकिनारा आहे. मैदानाला लागून असलेल्या रस्त्यास केळुसकर मार्ग म्हणतात. हे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे असून, ते शिवाजी महाराजांचे मराठी चरित्रकार होते. सर्वांत जवळचे मोठे रेल्वे स्थानक दादर हे आहे.

मध्यभागाचा बहुतांश विस्तार मोकळा असून त्यावर क्रिकेटच्या खेळपट्ट्या आहेत. कडेने व्यायामशाळा, जिमखाना, स्काउट पॅव्हेलियन, लहान मुलांचे क्रीडांगण, ज्येष्ठ नागरिकांसाठीचे नाना-नानी पार्क, वाचनालय आणि उद्यान गणेश मंदिर आहे. पश्चिम बाजूस शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असून तो १९६६ साली लोकवर्गणीतून उभारण्यात आला. या पुतळ्यात महाराजांच्या हाती उपसलेली तलवार नाही. हात पुढे केलेला आहे. मैदानाच्या परिसरात मीनाताई ठाकरे यांचाही पुतळा आहे.

भोवतालच्या इमारती कमी उंचीच्या व बहुतांशी १९३०-४० च्या दशकांतील आर्ट डेको शैलीच्या होत्या. वक्राकार सज्जे, ठळक आडव्या रेषा व जिन्यावरील उभ्या खिडक्या ही त्यांची लक्षणे होत. पुनर्विकासामुळे त्यांपैकी अनेकांच्या जागी उंच इमारती आल्या आहेत. त्यामुळे मैदानाभोवतीची लोकसंख्या व वाहने वाढली. मैदान मात्र तेवढेच राहिले.

कट्टा

मैदानाच्या कडेने सलग बांधलेली, बसण्याजोगी बुटकी भिंत 'कट्टा' या नावाने ओळखली जाते. तिचा परीघ एक किलोमीटरहून थोडा अधिक आहे. कट्ट्याच्या आतील बाजूने फिरणाऱ्यांची व धावणाऱ्यांची वाट जाते.

कट्टा ही वस्तुतः मैदानाची हद्द आहे. परंतु उंच कुंपणाऐवजी बसता येईल अशी हद्द आखल्यामुळे मैदान व रस्ता यांच्यात आडोसा निर्माण झाला नाही. आत खेळ चालू असताना बाहेरचा मनुष्य तो बसून पाहू शकतो. कट्ट्यावर बसण्यास तिकीट, सभासदत्व वा वयाची अट नाही. पहाटे फिरून आलेले ज्येष्ठ नागरिक, दुपारी महाविद्यालयीन विद्यार्थी, संध्याकाळी कुटुंबे आणि रात्री मित्रमंडळी असा त्याचा वापर दिवसभर पालटत राहतो. 'कट्टा' या शब्दाला मराठीत गप्पांचा अड्डा असा जो अर्थ रूढ आहे, त्याचे हे एक ठळक उदाहरण मानता येईल.

खेळ व व्यायाम

क्रिकेट

मैदानावर अनेक क्रिकेट संस्थांचे सरावाचे जाळे (नेट) लागते. सुट्टीच्या दिवशी येथे एकाच वेळी अनेक सामने चालतात. खेळपट्ट्या जवळजवळ असल्याने एका सामन्यातील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या हद्दीत उभा असल्याचे दृश्य नवे नाही. १९४८ पासून पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीग स्पर्धेचे सामनेही या मैदानावर होत आले आहेत. ओली खेळपट्टी आणि वाढलेले गवत यांमुळे या स्पर्धेत फलंदाजाच्या तंत्राची कसोटी लागते.

अजित वाडेकर व संदीप पाटील हे कसोटीपटू या मैदानाशी निगडित आहेत. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी याच मैदानावर सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे आदी खेळाडू घडविले. सरावाच्या अखेरीस यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून, बाद न होता टिकणाऱ्या फलंदाजास ते देण्याची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. एकाच दिवशी अधिक सामन्यांत फलंदाजी करता यावी म्हणून ते तेंडुलकरला स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असत. आचरेकर यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० साली पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मैदानाच्या प्रवेशद्वार क्रमांक ५ जवळ त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

तेंडुलकर व कांबळी यांची ६६४ धावांची शालेय क्रिकेटमधील अखंडित भागीदारी (फेब्रुवारी १९८८) अनेकदा शिवाजी पार्कशी जोडली जाते. प्रत्यक्षात तो सामना आझाद मैदानावर झाला होता.

मल्लखांब व इतर

मैदानाच्या कडेस असलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स आदींचे प्रशिक्षण दिले जाते. पुरलेल्या खांबावरील व टांगत्या दोरीवरील मल्लखांब येथे मुले व मुली शिकतात. संस्थेचे उदय देशपांडे यांना मल्लखांबाच्या प्रसारासाठी २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्क येथे झाली. याशिवाय टेनिस, फुटबॉल, योगासने आदींसाठीही मैदानाचा वापर होतो.

सभा व सार्वजनिक कार्यक्रम

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील प्रचंड सभा या मैदानावर झाल्या, आचार्य प्र. के. अत्रे यांची येथील भाषणे विशेष गाजली. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला जाहीर मेळावा येथे झाला व पुढे दसरा मेळाव्याची परंपरा सुरू झाली. २०२२ साली पक्षात फूट पडल्यानंतर या मेळाव्यासाठी मैदान कोणास मिळावे हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला व न्यायालयाने उद्धव ठाकरे यांच्या गटास परवानगी दिली. मनोहर जोशी (१९९५) व उद्धव ठाकरे (२०१९) यांचे मुख्यमंत्रिपदाचे शपथविधी याच मैदानावर झाले. महाराष्ट्र दिनाचे संचलनही येथे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. ते स्थळ म्हणजे चैत्यभूमी या मैदानापासून जवळ आहे. दरवर्षी ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनी राज्यातून व राज्याबाहेरून लाखो अनुयायी येतात. त्यांच्या निवाऱ्याची, भोजनाची व आरोग्यसेवेची व्यवस्था शिवाजी पार्कवर केली जाते. या दिवसांत मैदानावर पुस्तकविक्रीचे असंख्य गाळे लागतात. वैचारिक मराठी पुस्तकांची एवढ्या मोठ्या प्रमाणावर विक्री होण्याचे हे महत्त्वाचे ठिकाण आहे.

वापराविषयीचे वाद

शांतता क्षेत्र

केंद्र शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियमांनुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था, न्यायालये आदींभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो. तेथे ध्वनीची मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. वर्षभर चालणाऱ्या सभा व ध्वनिक्षेपक यांच्या त्रासामुळे रहिवाशांच्या एका संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २०१० साली न्यायालयाने शिवाजी पार्क हे शांतता क्षेत्र असल्याचे मान्य करून तेथील सभांवर निर्बंध घातले.

यावर दोन भूमिका मांडल्या गेल्या. विकास आराखड्यात क्रीडांगण म्हणून राखलेली जागा खेळासाठीच राहिली पाहिजे. मंडप उभारताना खणलेले खड्डे व जड वाहने यांमुळे खेळपट्ट्या खराब होतात आणि मुलांचे खेळाचे दिवस वाया जातात, ही रहिवासी व क्रीडाप्रेमींची भूमिका होती. दुसरी बाजू अशी की, लाखोंना एकत्र येता येईल अशा जागा शहरात मोजक्याच आहेत आणि शिवाजी पार्कच्या सभांना महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ऐतिहासिक स्थान आहे. २०१६ साली राज्य शासनाने वर्षातील ४५ दिवस क्रीडेतर कार्यक्रमांसाठी निश्चित केले. राष्ट्रीय व राज्य दिन, महापरिनिर्वाण दिन, दसरा मेळावा आदींचा त्यांत समावेश होतो.

अंत्यसंस्कार व स्मारके

शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर १८ नोव्हेंबर २०१२ रोजी व गायिका लता मंगेशकर यांच्यावर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी या मैदानावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. दोन्ही वेळी स्मारक मैदानातच व्हावे अशी मागणी पुढे आली आणि मैदानाचा संकोच होईल म्हणून तिला विरोधही झाला. बाळासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या जागेवरील तात्पुरता चौथरा डिसेंबर २०१२ मध्ये हलविण्यात आला. पुढे राष्ट्रीय स्मारकासाठी जवळच्याच जुन्या महापौर निवासस्थानाची जागा निश्चित झाली.

धूळ

पावसाळ्यानंतर मैदानावरील लाल मातीची धूळ उडणे ही परिसराची जुनी तक्रार आहे. सततच्या वापराने मातीचा भुगा होतो, गवत टिकत नाही आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने ती घराघरांत जाते. ज्या मैदानावर मुले व वृद्ध शुद्ध हवेसाठी येतात, तेथेच श्वसनाचा त्रास होण्याचा हा विरोधाभास आहे. पाणी शिंपडणे, गवत लावणे, त्यासाठी पर्जन्यजल साठविण्याकरिता विहिरी खणणे असे उपाय महानगरपालिकेने केले. वरची सैल माती काढून टाकावी, अशीही मागणी रहिवाशांनी लावून धरली. गवत रुजण्यासाठी मैदानाचा काही भाग काही काळ बंद ठेवावा लागतो. खेळ व कार्यक्रम मात्र थांबत नाहीत. त्यामुळे हे उपाय टिकाऊ होण्यात अडचण येते.

सामाजिक महत्त्व

मुंबईत खासगी जिमखाने व क्लब यांच्याकडे मोठी मैदाने असली, तरी त्यांचा लाभ प्रामुख्याने सभासदांपुरता राहतो. शिवाजी पार्कवर प्रवेशशुल्क नाही. चाळीत वा लहान सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला अंगण नसते. मुलांना सायकल शिकविणे, वृद्धांना वाहनांची भीती न बाळगता चालणे, कोणालाही काहीही विकत न घेता तासभर बसणे या गोष्टी अशा मैदानामुळेच शक्य होतात. मैदानाच्या वापराविषयीच्या बहुतेक वादांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे : जागा सर्वांची असल्याने तिच्यावर प्रत्येकाचा हक्क आहे, आणि कोणताही एक वापर वाढला की दुसऱ्याची जागा कमी होते.

हेही पाहा

दादर
चैत्यभूमी
संयुक्त महाराष्ट्र चळवळ
आझाद मैदान
रमाकांत आचरेकर
मल्लखांब