भीतीचा झटका : कारणे, लक्षणे आणि उपाय

कोणतेही प्रत्यक्ष संकट समोर नसताना एकाएकी छातीत धडधडू लागणे, श्वास अपुरा पडणे, हातपाय थरथरणे आणि 'आपण आता मरणार' अशी खात्रीच वाटणे, या अवस्थेला वैद्यकीय परिभाषेत 'पॅनिक अटॅक' म्हणजेच भीतीचा झटका असे म्हणतात. हा अनुभव अत्यंत भयावह असला तरी तो स्वतः प्राणघातक नसतो. मात्र त्याचे स्वरूप न समजल्यास त्याची धास्ती माणसाचे दैनंदिन जीवन आक्रसून टाकू शकते.

शरीरात काय घडते?

संकटाची चाहूल लागताच मेंदू शरीराला लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रतिक्रियेचे वर्णन केले. अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात आणि घाम सुटतो. भीतीच्या झटक्यात हीच यंत्रणा संकट नसतानाही कार्यान्वित होते. श्वास जलद झाल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते. त्यामुळे चक्कर येते, तसेच बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. झटका काही मिनिटांतच कमाल तीव्रता गाठतो व त्यानंतर ओसरू लागतो.

कारणे आणि निमित्ते

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये या विकाराचे एक दुष्टचक्र मांडले. जिना चढल्याने किंवा उकाड्याने वाढलेल्या साध्या धडधडीचा अर्थ 'हृदयविकाराचा झटका' असा लावला जातो. त्यामुळे भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि धडधडीने मूळ शंका पक्की होते.

दीर्घकाळ साचलेला ताण, अपुरी झोप, आप्ताचा वियोग, चहा-कॉफीचे अतिसेवन, तंबाखू, तसेच मद्यपान अचानक थांबवणे ही झटक्याची निमित्ते ठरू शकतात. गर्दीची रेल्वे, लिफ्ट, बंद सभागृह अशा ठिकाणी एकदा झटका आल्यास त्या जागेचीच भीती मनात बसते. काही झटके मात्र कोणत्याही उघड निमित्ताविना, अगदी झोपेतही येतात. घराण्यात हा विकार असल्यास त्याची शक्यता वाढते.

तपासणी आवश्यक

झटक्याची लक्षणे हृदयविकाराशी मिळतीजुळती असतात. त्यामुळे पहिल्यांदाच असा त्रास झाल्यास 'मनाचे खेळ' म्हणून तो झटकून टाकू नये. छातीत दाब जाणवणे, वेदना हात किंवा जबड्यापर्यंत पसरणे, शुद्ध हरपणे अशा वेळी विनाविलंब रुग्णालय गाठावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी विशेष दक्ष राहावे. थायरॉइडचा अतिस्राव, रक्तातील साखर घटणे आणि दम्याची काही औषधे यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात.

झटका आल्यास काय करावे?

हृदयविकार नसल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट केले असल्यास पुढील उपाय उपयुक्त ठरतात.

- 'हा भीतीचा झटका आहे, तो काही वेळात ओसरेल' असे स्वतःला सांगावे.
- श्वास नाकाने सावकाश घ्यावा व त्याहून अधिक वेळ घेऊन सोडावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा प्रयोग करू नये. दमा किंवा हृदयविकार असल्यास तो धोकादायक ठरू शकतो.
- आसपास दिसणाऱ्या पाच वस्तूंची मनात नावे घ्यावीत. लक्ष शरीराकडून बाहेर वळते.
- शक्य असल्यास जागा सोडून पळू नये. भर ओसरेपर्यंत तेथेच थांबल्यास त्या जागेची भीती कमी होते.

सोबतच्या व्यक्तीने 'घाबरू नकोस' असे दटावण्याऐवजी शांतपणे जवळ बसावे. झटका ओसरल्यावर वेळ, ठिकाण, आधीची झोप, खाणेपिणे आणि मनातील विचार यांची नोंद वहीत ठेवावी. काही आठवड्यांच्या नोंदींतून निमित्ते स्पष्ट होऊ लागतात.

उपचार

झटके वारंवार येत असल्यास आणि पुढच्या झटक्याची धास्ती किंवा त्यामुळे बदललेले वागणे महिनाभराहून अधिक टिकल्यास त्यास 'पॅनिक डिसऑर्डर' म्हणतात. बाजार, प्रवास, समारंभ टाळता टाळता काही जण घरातच कोंडले जातात. विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचार या विकारावर परिणामकारक आहेत. नैराश्यविरोधी गटातील काही औषधेही गुणकारी ठरतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. तात्काळ आराम देणाऱ्या गोळ्यांची सवय जडू शकते, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत किंवा एकाएकी बंदही करू नयेत.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास विविध भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा अधिकार आहे. भीतीचा झटका हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. तो उपचारांनी आटोक्यात येणारा विकार आहे.