नाव झाकलेली कविता

एम.ए.ला साहित्यसिद्धान्ताचा पेपर म्हणजे परदेशी नावांची लांबलचक यादी. त्यात मला हलवलं ते आय. ए. रिचर्ड्सने. १९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये तो विद्यार्थ्यांना कविता वाटायचा, पण कवीचं नाव सांगायचा नाही. वाचा आणि काय वाटलं ते लिहून द्या, एवढंच. अशा १३ कवितांवरच्या लेखी मतांमधून १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हे पुस्तक झालं. नाव झाकल्यावर मुलांनी जॉन डनसारख्या मोठ्या कवीलाही नावं ठेवली होती. आपण कितीदा कवितेऐवजी कवीचं नावच वाचतो, हे मला तेव्हा उमगलं.

पण त्याच वर्षी मी बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा १९६३चा कथासंग्रह वाचला. त्याच्या शीर्षककथेत ओळख झाकणं हा वर्गातला प्रयोग नाही. नायकाला डोक्यावर छप्पर हवंय, म्हणून तो जात लपवतो. ती उघड होते तेव्हा मार खातो. ही कथा लिहिणाऱ्याचं नाव झाकून वाचली, तर कुणाचा अनुभव पुसला जातो?

रिचर्ड्स मला आजही हवा आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंत. मी आधी नाव झाकून वाचतो. मग नाव उघडून, पुन्हा पहिल्या ओळीपासून.