कडी आतल्या खोलीलाही हवी

२००३ साली बार्शीत मी सहा मशीनचा नेट कॅफे टाकला. तासाला वीस रुपये. रविवारी सकाळी शटर अर्धं ओढून विंडोज एक्सपीची सीडी घालायची आणि एकेक मशीन फॉरमॅट करत बसायचं, हे ठरलेलं. कुठल्याशा साइटवर चौकट येई, गिऱ्हाईक न वाचताच ‘येस’ दाबी, आणि स्क्रीनवर टूलबारचे पट्टे एकावर एक चढत.

त्या ‘येस’मागचं प्रकरण मला पुढं उमगलं. इंटरनेट एक्स्प्लोररमधून उतरणारा ॲक्टिव्हएक्स म्हणजे मशीनवर चालणारा अख्खा प्रोग्रॅम. वापरणाऱ्याला जेवढे अधिकार, तेवढे त्यालाही. आणि एक्सपीवर घरोघरी सगळे ॲडमिनिस्ट्रेटरच. जून २००४ मध्ये तर हल्लेखोरांनी भल्या साइटच्या सर्व्हरमध्येच घातक कोड पेरला. पान उघडलं की काम फत्ते, ‘येस’ची गरजच उरली नाही. दुसरा ब्राउझर वापरणं हाही एक उपाय आहे, असं तेव्हा यूएस-सर्ट या अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेनं सांगितलं.

९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला. त्यात ॲक्टिव्हएक्सचा दरवाजाच नव्हता. सहाही मशीनवर तो टाकला आणि माझे रविवार बरेच मोकळे झाले. पण खरं सांगायचं तर तोही एका कडीचाच वाडा होता. सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये. एक पान फुटलं की चोर थेट माजघरात.

२ सप्टेंबर २००८ ला आलेल्या क्रोमनं चोर आत येणारच हे धरून बांधणी केली. पान वाचणारी प्रोसेस सँडबॉक्समध्ये कोंडलेली. तिला साधी फाइल हवी असली तरी मुख्य प्रोसेसकडे मागावी लागे. विंडोज व्हिस्टावरच्या एक्स्प्लोरर ७ नं ‘प्रोटेक्टेड मोड’मधून ही वाट आधीच धरली होती, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. २००९ च्या पोन-टू-ओन या हॅकिंगच्या स्पर्धेत, व्हँकुव्हरला, सफारी, एक्स्प्लोरर ८ आणि फायरफॉक्स पडले, क्रोम टिकला. २०१२ मध्ये तोही पडला. २०१८ साली प्रोसेसरमधला स्पेक्टर दोष उघड झाला; एका प्रोसेसमधल्या साइटला शेजारच्या साइटचा डेटा चोरून वाचता येई. त्यावर क्रोमनं त्याच वर्षी एकेका साइटला वेगळी खोली दिली, फायरफॉक्सनं २०२१ मध्ये.

कोणता ब्राउझर घेऊ, असं अजूनही लोक विचारतात. क्रोम किंवा फायरफॉक्स, कोणताही घ्या. पण कोणतीही कडी कधीतरी निघते आणि ती पुन्हा बसवतं ते अपडेटच. म्हणून वर कोपऱ्यात त्याचं बटण दिसत असेल, तर हे वाचून झाल्याबरोबर ते दाबा.